लाल वायर कुठं, काळी कुठं

‘काका, ट्यूबचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊ की साधा घेऊ?’ आमच्या सोसायटीतली तरुण मुलं हल्ली मला असं विचारतात. साधा म्हणजे ट्रान्झिस्टरचा. आमच्या पिढीनं ज्याला व्हॉल्व्ह म्हटलं, त्याला ही मुलं ट्यूब म्हणतात, वस्तू एकच. आत तापलेली तार, भोवती काच आणि अंधारात दिसणारा तो नारिंगी उजेड. मधली बरीच वर्षं ही वस्तू भंगारात जात होती. आता ती परत दिवाणखान्यात आली आहे, आणि चांगली महागही झाली आहे. म्हणून मुलं विचारतात. मी त्यांना उलट विचारतो, ‘स्पीकरच्या वायरी कुणी जोडल्या?’ त्यांना वाटतं, म्हाताऱ्याला उत्तर येत नाही म्हणून तो विषय बदलतोय.

विषय मी बदलत नाही. हा प्रश्न न विचारल्यामुळे मी एका चांगल्या माणसाचं एक चांगलं यंत्र घालवलेलं आहे. ते कसं, हेच आज सांगायचं आहे.

मी आकुर्डीतल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होतो. आमच्या कारखान्याला सुटी असे गुरुवारची, आणि आजूबाजूच्या बऱ्याच कारखान्यांनाही तीच. त्यामुळे आमचा रविवार गुरुवारी यायचा. आकुर्डी म्हणजे त्या वेळी स्कूटरचं गाव. २००७ साली बजाज ऑटोनं इथलं वाहनांचं उत्पादन थांबवलं, तोवर आकुर्डी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं स्कूटरच उभी राहायची. माझी थोरली बहीण देहूरोडला दिलेली. दाजी तिथंच सरकारी नोकरीत होते. माणूस भजनी, पेटी उत्तम वाजवायचे, आणि हाताला सोल्डरिंगचं वेड. पगारातून दहा-वीस रुपये बाजूला टाकायचे आणि महिन्याकाठी लोकल पकडून पुण्याला, तपकीर गल्लीत जायचे. येताना कागदाच्या पुडीत चार रेझिस्टर, दोन कंडेन्सर.

असं करत करत त्यांनी दोन वर्षांत एक व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर उभा केला. सर्किट मूळ विलायतेतल्या मुलार्ड कंपनीचं, १९५४ सालचं. त्याला ‘फाइव्ह-टेन’ म्हणत, कारण व्हॉल्व्ह पाच आणि ताकद दहा वॅट. दाजींनी एकाच अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर शेजारी शेजारी अशी दोन सर्किटं बसवली, म्हणजे स्टिरिओ झाला. शेवटच्या टप्प्याला ‘ईएल ८४’ नावाचे चार व्हॉल्व्ह, तेही आपल्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं बनवलेले. हे व्हॉल्व्ह त्या काळी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही दुकानात मिळत. आज नवे व्हॉल्व्ह हवे असतील तर ते रशिया, स्लोव्हाकिया नाहीतर चीनहून येतात. पाहुण्यांसमोर दाजी अ‍ॅम्प्लिफायरची झाकणी काढून ठेवायचे. ताई म्हणायची, ‘देव्हाऱ्यात एवढे दिवे लावत नाहीत.’

१९८५ साली मी एक ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर विकत घेतला. नवा कोरा, चकचकीत, पुढं सुया हलणारे दोन मीटर. नव्या वस्तूची घमेंड असते तशी मला होती. दाजींना म्हटलं, ‘तुमचा आणा, माझा ठेवतो, आणि एकदा होऊन जाऊ दे.’ ते बिचारे एका गुरुवारी सगळा संसार घेऊन टेंपोनं आकुर्डीला आले. अ‍ॅम्प्लिफायर, प्लायवूडची स्पीकरची दोन खोकी, रेकॉर्ड प्लेअर आणि भीमसेनजींच्या अभंगांची तबकडी. ते चहा घ्यायला आत गेले, तेवढ्यात मी वायरी जोडल्या. घाईत.

आता इथं थोडं थांबून आतली गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

व्हॉल्व्हचा स्वभाव असा की तो चालतो तीनशे-साडेतीनशे व्होल्टवर, पण त्यातून प्रवाह जातो अगदी थोडा. स्पीकरचं नेमकं उलट. त्याला व्होल्ट थोडे लागतात, प्रवाह भरपूर. या दोघांचं जमवायला मधे एक ट्रान्सफॉर्मर बसवावा लागतो. स्कूटरला जसा गिअर, तसाच हा. इंजिन तेच, पण घाट चढायला पहिला गिअर, सपाटीला चौथा. म्हणून व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरच्या मागं स्पीकरसाठी दोनच स्क्रू नसतात, तीन किंवा चार असतात. शून्य, चार, आठ, सोळा असे आकडे त्यांच्यावर असतात. ते आकडे ओहमचे. स्पीकरच्या मागं आठ ओहम लिहिलेलं असेल तर एक वायर शून्याला आणि दुसरी आठाला. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरला बहुधा हा ट्रान्सफॉर्मरच नसतो, त्यामुळे तिथं सरळ लाल आणि काळा असे दोनच स्क्रू.

दाजींच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या मागं दोन बाजूंना दोन पट्ट्या होत्या, प्रत्येकीवर चार पितळी स्क्रू. आकडे रंगानं लिहिलेले, पण पुसट झालेले. मी डावीकडची पट्टी पाहिली. डावीकडून शून्य, चार, आठ, सोळा. पहिल्या स्क्रूला काळी वायर, तिसऱ्याला लाल. उजवीकडच्या पट्टीवरचे आकडे नीट दिसत नव्हते. मी म्हटलं, ती तरी वेगळी कशाला असेल? तिथंही पहिल्याला काळी, तिसऱ्याला लाल.

आधी माझा अ‍ॅम्प्लिफायर वाजवला, मग वायरी काढून दाजींचा. दाजी खुर्चीत बसले होते. पहिल्या ओळीलाच त्यांनी मान तिरकी केली. म्हणाले, ‘आज हा असा का वाजतोय रे? पखवाज कुठं गेला?’ खरंच, पखवाजाचा धुमा गायब होता. बुवांचा आवाज समोरून यायच्या ऐवजी खोलीभर सांडल्यासारखा, कुठून येतोय ते कळेना. मी काय म्हणावं? मी म्हटलं, ‘दाजी, शेजारी नवा ठेवला की जुन्याचं खरं रूप कळतं. व्हॉल्व्हचा जमाना गेला.’

ते काही बोलले नाहीत. पुन्हा एकदा तबकडी लावायला सांगितली, ऐकली, आणि झाकणी लावून टाकली. महिन्याभरानं कळलं, त्यांनी तो पुण्याच्या जुन्या बाजारात विकला. घेणाऱ्याला त्यातल्या ट्रान्सफॉर्मरचं तांबं हवं होतं.

२०११ मध्ये दाजी गेले. त्यांच्या कागदपत्रांत भाचीला एक वही सापडली. मामाला विजेतलं कळतं म्हणून ती तिनं माझ्याकडं आणून दिली. दोनशे पानी वही, त्यात त्या अ‍ॅम्प्लिफायरचं सगळं बाड. कुठला रेझिस्टर, किती पैशाला, कुठल्या तारखेला. आणि एका पानावर मागच्या बाजूचं रेखाटन. उजव्या बाजूचा ट्रान्सफॉर्मर त्यांनी डाव्याच्या आरशातल्या प्रतिमेसारखा बसवला होता, आतल्या वायरी आखूड राहाव्यात म्हणून. त्यामुळे उजवीकडच्या पट्टीवर क्रम उलटा होता. डावीकडून सोळा, आठ, चार, शून्य. खाली लाल शाईनं लिहिलं होतं, ‘उजवीकडे उलट. ध्यानात ठेवणे.’

वही हातात घेऊन मी गॅलरीत बराच वेळ बसलो. हिशेब तर लगेच उलगडला. उजवीकडं मी काळी वायर सोळाला आणि लाल वायर चाराला लावली होती. ट्रान्सफॉर्मरचे वेढे ओहमच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतात, म्हणजे चारच्या टॅपला जेवढे वेढे त्याच्या दुप्पट सोळाला. त्यामुळे चार आणि सोळा यांच्यामध्ये जेवढा दाब मिळतो तो शून्य आणि चार यांच्यामधल्याइतकाच. उजवा स्पीकर आठाऐवजी जणू चारच्या टॅपवर होता, म्हणून डाव्यापेक्षा हळू. आणि त्याहून वाईट म्हणजे उलटा.

उलटा म्हणजे काय? स्पीकरचा कागदी कोन पुढं-मागं हलतो आणि हवा ढकलतो. दोन्ही स्पीकरना एकच स्वर दिला तर दोघांनी एका वेळी पुढं यायला हवं, एका वेळी मागं जायला हवं. दोघं मिळून विहिरीवर मोट ओढणाऱ्या बैलजोडीसारखे. एकाची वायर उलटी झाली की डावा पुढं येतो तेव्हा उजवा मागं जातो. डाव्यानं ढकललेली हवा उजवा ओढून घेतो. उंच स्वरांच्या लाटा आखूड, त्या कुठं जुळतात, कुठं चुकतात, म्हणून आवाज नुसता विस्कटतो. पण शंभर हर्ट्झच्या स्वराची लाट असते जवळजवळ साडेतीन मीटर लांब. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत ती लाट आणि तिची उलट लाट एकमेकींना जवळपास पुसूनच टाकतात. तबल्याचा डग्गा, पखवाजाचा धुमा, तंबोऱ्याचा खर्ज सगळं या खालच्या पट्टीत. पखवाज कुठं गेला, हे दाजींनी बरोबर विचारलं होतं. पखवाज मी खाल्ला होता.

ताईला मी हे सांगितलं. तिनं भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं. म्हणाली, ‘ते विकून आलेल्या पैशांत पोरीचं दप्तर आणि बूट आले होते. तू कशाला मनाला लावून घेतोस?’ पण ते पैसे तांब्याच्या भावाचे होते, हे तिला ठाऊक नव्हतं आणि मी सांगितलंही नाही.

तेव्हापासून कुणी दोन अ‍ॅम्प्लिफायरची तुलना करायला बोलावलं की मी गाणं ऐकायच्या आधी खोक्याच्या मागं जातो. दोन पदरी वायर घेतली की तिचे दोन्ही पदर वरवर सारखे दिसतात, पण एका पदरावर खूण असते. लाल-काळा रंग असला तर सोपंच. पारदर्शक वायरीत एक तार तांब्याची, दुसरी कल्हई केलेली रुपेरी. एकाच रंगाची असेल तर एका पदरावर बारीक कंगोरा किंवा छपाई असते, ती नखाला लागते. ही खूण दोन्ही टोकांना एकाच रंगाच्या स्क्रूला गेली पाहिजे, दोन्ही स्पीकरना. एवढंच शास्त्र.

तरी शंका आली तर एक पेन्सिल सेल घ्या, दीड व्होल्टचा. स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडवा, स्पीकरची पुढची जाळी काढा आणि सेलची दोन टोकं वायरींना क्षणभर टेकवा. टेकवून ठेवू नका. मोठ्या स्पीकरचा कोन पुढं येतो की मागं जातो, ते पाहा. सेलची अधिक बाजू लाल वायरीला लागली असताना दोन्ही खोक्यांचे कोन एकाच दिशेला हलायला हवेत. बहुतेक स्पीकर अशा वेळी पुढं येतात. काही जुन्या विलायती स्पीकरचे कोन मागं जात. दिशा कुठलीही असो, दोघांची एक असली म्हणजे झालं. हा प्रयोग लहान ट्वीटरवर मात्र करू नका.

सेलही नको असेल तर रेडिओ आहेच. एकट्या माणसाचं भाषण दोन्ही स्पीकरमधून अगदी सारखं येतं. आत्ता माझं हे बोलणं तुमच्यापैकी कुणी दोन स्पीकरवर ऐकत असेल, तर दोघांच्या बरोबर मधे बसा. माझा आवाज मधल्या भिंतीतून आल्यासारखा वाटला तर वायरी ठीक. डोक्याभोवती फिरल्यासारखा, कानात शिरल्यासारखा वाटला, तर भाषण संपल्यावर मागं जाऊन एका स्पीकरची लाल-काळी अदलाबदल करा. भाषण संपल्यावर म्हणतो, कारण वायर काढायची ती अ‍ॅम्प्लिफायर बंद करूनच.

आणि इथं व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर यांच्या खोडी बरोबर उलट आहेत. ट्रान्झिस्टरला भीती दोन वायरी एकमेकींना चिकटण्याची. वायर सोलताना एखादी केसाएवढी तार बाहेर राहिली आणि शेजारच्या स्क्रूला लागली, की तो जळू शकतो. म्हणून सोललेली टोकं पिळून घट्ट करा किंवा त्यांना सोल्डर लावा. व्हॉल्व्हला उलट भीती वायर सुटण्याची. स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर जोरात वाजवला, तर ट्रान्सफॉर्मरमध्ये साठलेल्या शक्तीला जायला वाट राहत नाही. स्कूटरच्या इग्निशन कॉइलमध्ये प्रवाह एकाएकी तोडला की प्लगवर ठिणगी पडते, तीच गत. ठिणगी पडायला इथं प्लग नसतो, मग ती ट्रान्सफॉर्मरच्या आतच पडते आणि त्याचं इन्सुलेशन फुटतं. व्हॉल्व्ह बदलता येतात, तो ट्रान्सफॉर्मर बदलणं महाग पडतं. आणखी एक. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरचा प्लग काढला तरी आतल्या कंडेन्सरमध्ये तीनशे व्होल्ट काही काळ राहतात. खालचं झाकण हौस म्हणून उघडू नका. मी चाळीस वर्षं विजेत काढली, तरी एक हात पाठीमागं ठेवूनच आत बघतो.

वायरीच्या किमतीबद्दल मुलं हमखास विचारतात. मीटरला हजारो रुपये पडणाऱ्या वायरी मिळतात, त्यांच्यावर कुठल्या दिशेनं जोडायचं त्याचा बाणही छापलेला असतो. गाण्याचा प्रवाह सेकंदाला शेकडो वेळा पुढं-मागं करतो, त्याला बाण दाखवून काय उपयोग? हिशेब असा आहे. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा विरोध मीटरला ०.०१७ ओहम. स्पीकर पाच मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर, म्हणजे ०.१७ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरपुढं तो दोन टक्के झाला. अडीच चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर ०.०७. घरच्या वायरिंगच्या दुकानात मिळणारी साधी तांब्याची वायर यासाठी पुरते. फसगत होते ती गच्चीवर गणपतीत स्पीकर लावताना. कुणीतरी घंटीची बारीक वायर वीस मीटर ओढून नेतो. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या त्या वायरीचा विरोध जवळपास दीड ओहम होतो, आणि मग म्हणतात स्पीकरच बसला.

आता मूळ प्रश्न. वायरी नीट जोडल्यावर व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर यांच्यात फरक उरतो का? उरतो, पण तो कशानं उरतो हे समजून घेतलं पाहिजे. ज्या वर्षी मी आकुर्डीत हा पराक्रम केला, त्याच १९८५ साली अमेरिकेत बॉब कार्व्हर नावाच्या इंजिनिअरनं एक पैज लावली होती. ‘स्टिरिओफाइल’ मासिकाच्या संपादकांनी त्याच्यापुढं एक महागडा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर ठेवला. कार्व्हर हॉटेलच्या खोलीत बसला आणि स्वतःच्या स्वस्तातल्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये फेरफार करत राहिला. दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरना एकच गाणं द्यायचं, एकाच्या आवाजातून दुसऱ्याचा वजा करायचा, आणि उरलेली कुजबुज कमी कमी करत न्यायची. जवळपास दोन दिवसांनी संपादकांना दोन्हींमधला फरक ओळखता येईना. म्हणजे व्हॉल्व्हचा तो गोडवा मोजता येतो आणि नक्कलही करता येते.

त्यातला मोठा भाग असा. ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरला करकचून धरतो. व्हॉल्व्हचा थोडा सैल धरतो, कारण त्याचा स्वतःचा विरोध कधी अर्धा ओहम तर कधी दोन-तीन ओहम असतो. स्पीकरवर आठ ओहम छापलेलं असलं तरी तो प्रत्येक स्वराला आठच नसतो. कुठं सहा, तर खालच्या एका स्वराला तीससुद्धा. सैल धरणारा अ‍ॅम्प्लिफायर तीसच्या जागी थोडा जास्त जोर देतो. म्हणून व्हॉल्व्हवर खालचे सूर काही स्पीकरना भरदार वाटतात आणि काहींना ढिले. म्हणजे नुसता अ‍ॅम्प्लिफायर चांगला की वाईट हे सांगताच येत नाही, कुठल्या स्पीकरवर ते आधी सांगावं लागतं. शिवाय ताकदीबाहेर वाजवला की व्हॉल्व्ह हळूहळू चिरकतो, ट्रान्झिस्टर एकदम.

गेल्या दिवाळीत आमच्या शेजारच्या मुलानं, तो चाकणला नोकरीला आहे, मित्राकडून एक चिनी बनावटीचा ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर आठ दिवसांच्या बोलीवर आणला. घरात त्याचा स्वतःचा ट्रान्झिस्टरचा होताच. त्याचे वडील म्हणाले, ट्यूबच भारी. पोरगा म्हणाला, मला तर तसं वाटत नाही. मला बोलावलं. वायरी पाहिल्या, त्या बरोबर होत्या. मग मोबाइलवर चारशे हर्ट्झचा एक सलग सूर लावला आणि दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर पाळीपाळीनं जोडून स्पीकरच्या स्क्रूवर मल्टिमीटर धरला. ट्यूबचा अ‍ॅम्प्लिफायर त्यांनी बराच मोठा ठेवलेला होता. गंमत अशी की थोडासा फरक कानाला मोठा म्हणून कळतच नाही, तो ‘जास्त स्वच्छ’, ‘जास्त जिवंत’ असा कळतो. दुकानदारांना हे फार पूर्वीपासून माहीत आहे. दोन्हीकडं मीटरवर दोन व्होल्ट आणून ठेवले, एक टक्क्याच्या आत. बटणांवर चिकटपट्टी लावली, कुणी हात लावायचा नाही म्हणून.

मग मुलाला पाठमोरं बसवलं. त्याची आई ओळी-ओळीला चिठ्ठी काढणार, तिच्यावर जे येईल तो अ‍ॅम्प्लिफायर मी जोडणार. प्रत्येक वेळी आधी बंद करायचा, मग वायर हलवायची. दोन अ‍ॅम्प्लिफायर एका स्पीकरला एकदम जोडून मधे बटण बसवायची आयडिया मुलानं काढली होती. ती मी मोडून काढली, कारण त्यात एकानं दुसऱ्याचा बळी जायची शक्यता असते. वेळ लागला, दोन वेळा चहा झाला. दहापैकी सहा वेळा त्यानं बरोबर ओळखलं. नाणं उडवून पाच येतात.

पोरगा खूश झाला. वडील हट्टाला पेटले. त्यांनी आतल्या खोलीतून त्यांची जुनी, कपाटाएवढी स्पीकरची जोडी बाहेर काढली. सेल लावून पाहिला तर तिच्यातल्या एकाच्या आतलीच वायर उलटी होती, कुणी दुरुस्ती करताना लावलेली. ती सुलटी केली. आठाच्या टॅपवर जोडले, पुन्हा मीटर, पुन्हा चिठ्ठ्या. या वेळी पोरानं दहापैकी नऊ ओळखले. डग्गा ऐकून ओळखतो म्हणाला, ट्यूबवर तो जरा जास्त लांबतो. मग तुला आवडला कुठला, असं विचारलं तर तबल्याला ट्रान्झिस्टर आणि गळ्याला ट्यूब, असं सांगून तो मोकळा झाला. वडिलांना दोन्हीकडं ट्यूबच आवडला, पण त्यांचा निकाल मी मोजत नाही, कारण ते मधेमधे मागं वळून बघत होते.

मी वही नेली होती. दाजींचं ते पान त्यांना दाखवलं, सगळी हकिकत सांगितली. पोरानं मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढून घेतला.

आठव्या दिवशी अ‍ॅम्प्लिफायर मित्राला परत गेला. पैशाच्या मानानं फरक थोडा, असं ठरलं होतं. दोन दिवसांनी त्याची आई जिन्यात भेटली. म्हणाली, ‘भाऊजी, संध्याकाळी ते दिवे छान दिसायचे हो. खोली ओकी ओकी वाटते.’ पुढच्या आठवड्यात पोरगा तोच अ‍ॅम्प्लिफायर विकत घेऊन आला आणि वायरी जोडायला मला हाक मारली. मी म्हटलं, तूच जोड, मी नुसता बघतो. त्यानं आधी दोन्ही पट्ट्यांवरचे आकडे वाचले, मग पेचकस हातात घेतला.